निरगाठ

मी कोडोलीच्या एमआयडीसीत फिटर.
लोखंडावर विश्वास ठेवायचा मला पगार मिळतो.
म्हणून दाजींसाठी पुण्याहून नेले
चार कॅराबिनर आणि एक कप्पी,
गिर्यारोहणवाल्यांच्या दुकानातून,
अंगावर वजनाचे आकडे कोरलेले.

धाकलूदाजींनी एक उचलला,
कानाशी नेऊन हलवला.
टिक्. टिक्.
"ह्यो बोलतुया," म्हणाले.
"आग्याम्होर बोलायचं नसतं."

मग काल मध गाळलेल्या फडक्यातलं
बोटभर मेण घेतलं,
त्याच्या कडीत चोळलं.
कडी अर्धी मिटली आणि तिथंच राहिली,
चारचौघांत बोलता बोलता अडलेल्या माणसासारखी.
बहीण हसली.
भागूचं हसणं नेहमी नवऱ्याच्या बाजूचं.

बामणोलीच्या पल्याड, लाँच उतरून तासभर चढण,
तिथं बेहडा.
पहिली फांदी सात पुरुष उंचीवर,
आणि तिला सुपाएवढी सहा पोळी,
दिवसा काळी, हलणारी,
वारा नसतानाही.

दोर वाखाचा. घायपात कुजवून, झोडून,
दाजींनी गेल्या माघात मांडीवर वळलेला.
कमरेला निरगाठ, फांदीला तीन वेढे आणि निरगाठ,
डब्याला मात्र सुरगाठ,
कारण डबा सुटावा लागतो, माणूस नाही.
"गाठ डोळं मिटून मारता आली पायजे,
आन् तिनं बी आपल्याला
डोळं मिटून धरलं पायजे."

मी वाद घालणार होतो.
पण तो हूक आठवला,
दुसऱ्या पाळीतला, क्रेनचा.
काही न सांगता गेला.
तुटलेल्या तोंडात पाहिलं तर
निम्मं काळं, निम्मं चकचकीत,
म्हणजे निम्मा तो कधीचाच तुटलेला होता
आणि तपासणीच्या कागदावर महिन्याभरापूर्वीची सही
माझी.
खाली कुणी नव्हतं. चहाची सुट्टी होती.

दोर असा जात नाही.
आधी त्याचे केस उभे राहतात,
एक पेड सुटतो, दुसरा कुरकुरतो,
आठ दिवस आधी सांगून ठेवतो.

अवस.
खालचं टोक माझ्या हातात,
कारण ते बायकोच्या भावानंच धरायचं असतं.
बहिणीचं कुंकू ज्याला राखायचंय
त्याच्या मुठी सैल पडत नाहीत,
अशी त्या वाडीची रीत.
तळहाताला घाम. मी तो पँटला पुसला,
एक एक हात करून.

वर ओल्या पाल्याची चूड धुमसली.
ठिणग्या खाली आल्या, ठिणग्यांमागे माश्या,
सगळं झाड गिरणीसारखं घुमलं.
एक हिसका: डबा सोड.
दोन: ओढ.
मग बराच वेळ काहीच नाही.
तेवढ्यात मला कळायला लागलं,
दोराच्या नुसत्या भारावरून,
दाजी कुठल्या पायावर उभे आहेत,
हात केव्हा लांबला,
अंड्यांची कड सोडून कोयता कुठं थांबला.
असं मला कुठल्याच यंत्राबद्दल
कधी कळलं नव्हतं.

उतरल्यावर मात्र निरगाठ सुटेना.
मध पिऊन बसली होती.
भागूनं दातांनी सोडवली,
ओठ पुसत म्हणाली,
"औंदा हिरड्याचा वास लागतोय."

कॅराबिनर आता गोठ्यात, वासराच्या दाव्याला.
वासरू दोनदा सुटून गेलं, म्हणे.

सोमवारी पहिल्या पाळीत
नव्या हुकाची तपासणी.
हातोडीनं हलकंच ठोकलं, कान लावला.
सुपरवायझर कागद धरून उभा.
आवाज स्वच्छ होता.
तरी बोट फिरवत राहिलो त्याच्या वळणावर,
कुठं केस उभे आहेत का
बघत.